कीलवरचा गंज दर हंगामात परत येतो: जुन्या शिडाच्या होडीसाठी निदान आणि उपाय

लागू कशाला: 22 ते 30 फुटांच्या, फायबरग्लासच्या जुन्या होड्या, ज्यांची कील (होडीच्या तळाखालचा, तिला उलटू न देणारा वजनदार भाग) बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची असून बोल्टांनी जोडलेली आहे. कील शिशाची असेल तर हा त्रास नसतो. ओळखायला साधं लोहचुंबक लावून पाहा. शिशाला ते चिकटत नाही.

तक्रार बहुतेकांची एकच असते. मे महिन्यात होडी वर काढली, कील घासली, प्रायमर आणि अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग) मारलं, ऑक्टोबरात पाण्यात सोडली. पुढच्या मेमध्ये वर काढली तर जागोजागी फोड, नारिंगी ओघळ आणि हाताने निघणाऱ्या खपल्या. मग रंगाची कंपनी बदलून पाहिली जाते आणि पुढच्या वर्षी तेच दिसतं. यात रंगाचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा रंगाखाली मीठ राहिलेलं असतं, किंवा रंग चुकीच्या हवेत लागलेला असतो. मुंबईत होड्या पावसाळ्यासाठी शाकारून ठेवतात आणि कीलचं काम त्याच चार महिन्यांत उरकतात, त्यामुळे दोन्ही चुका एकदमच होतात.

आधी गंज कुठे आणि कसा आहे ते बघा

होडी वर आल्याबरोबर, धुण्याच्या आधी, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. धुतल्यावर अर्धे पुरावे नाहीसे होतात.

सगळीकडे टाचणीच्या डोक्याएवढे विखुरलेले ठिपके म्हणजे रंगाचा थर पातळ होता, किंवा त्यात सूक्ष्म छिद्रं राहिली. खालचं लोखंड बरं असेल तर हा सर्वांत सोपा प्रकार.

तळहाताएवढे फोड, आत पाणी, आणि फोड फोडल्यावर खाली काळसर थर जो हवा लागताच तांबूस होतो: हे मीठ. मीठ रंगाच्या थरातून पाणी आत ओढतं आणि फोड वाढत जातो. वरून कितीही थर चढवले तरी तो थांबत नाही.

फक्त तळाशी आणि पुढच्या धारेच्या खालच्या भागात गंज असेल तर होडी ओहोटीला गाळात टेकते, किंवा यार्डात होडी ज्या ठोकळ्यांवर उभी होती तिथला भाग रंगवायचा राहून गेला आहे. काळ्या चिकट थराखाली चकचकीत, वाटीसारखे खळगे आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर तो गाळातल्या जीवाणूंचा उद्योग. हे जीवाणू प्राणवायूशिवाय जगतात आणि सल्फेटवर वाढतात. बंदराच्या चिखलात त्यांना काही कमी नसतं.

अ‍ॅनोड (लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा, कीलला जोडलेला धातूचा तुकडा) याच्या भोवती वर्तुळात रंग सुटलाय, पण लोखंड स्वच्छ आहे, असं दिसलं तर अ‍ॅनोड गरजेपेक्षा मोठा आहे. जादा प्रवाहामुळे तिथे अल्कली तयार होऊन रंगाची पकड सुटते.

कील आणि होडीच्या जोडावर तांबडी रेष दिसली, विशेषतः पुढच्या टोकाला फट उघडलेली असली, तर रंगाचा विचार बाजूला ठेवा. आत बिल्जमध्ये (होडीच्या तळाचा आतला, पाणी साचणारा भाग) बोल्टांच्या वॉशरखालून गंजाचं पाणी येतंय का ते बघा. होडी ठोकळ्यांवर असताना आणि पट्ट्यांवर उचललेली असताना फटीची रुंदी बदलत असेल तर जोड हलतो आहे. अशा वेळी बोल्ट आवळून समाधान मानू नका. स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा जोडाच्या आत, ओल असून हवा नाही अशा जागी, मधोमध खाल्ले जातात, आणि वरचं नट मात्र नव्यासारखं दिसतं. किमान एक बोल्ट काढून बघावा, सर्वेक्षकाला दाखवावा आणि तोवर होडी पाण्यात सोडू नये. कील निखळली तर होडी क्षणात उलटते.

शेवटची तपासणी हातोडीची. बोथट हातोडीने सगळीकडे ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर खाली खपली आहे. जिथे पृष्ठभाग काळा आणि मऊ वाटतो तिथे जुनी सुरी टोचा. सुरी रुतली तर बिडातलं लोखंड विरघळून नुसतं ग्रॅफाइट उरलं आहे. आकार जसाच्या तसा, पण ताकद शून्य. तेवढा भाग टणक धातू लागेपर्यंत काढायलाच हवा.

मीठ एवढं चिवट का

बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात आणि पृष्ठभाग सच्छिद्र असतो. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड खळग्यांच्या तळाशी, गंजाच्या खाली, धातूला लागून साठतं. तिथे लोखंडाचं क्लोराइड तयार होतं. त्याला ओल आणि हवा मिळाली की गंज बनतो आणि आम्ल मोकळं होतं. ते आम्ल पुन्हा लोखंड खातं. क्लोराइड यात खर्च होत नाही, म्हणून चिमूटभर मीठ वर्षानुवर्षं काम करत राहतं.

यावरून दोन गोष्टी कळतात. खपली न काढता वरून पाणी मारून उपयोग नाही, कारण मीठ खपलीच्या खाली आहे. आणि ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावून कील चकचकीत करणं सर्वांत फसवं काम आहे. ब्रश गंजाला घासून गुळगुळीत करतो, खळग्यांच्या तळाशी पोचत नाही आणि इपॉक्सीला (दोन भाग कालवून लावायचा रंग) धरायला खरखरीतपणाही ठेवत नाही.

गंजाचं रूपांतर करणारी टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाची द्रावणं घराच्या गेटला ठीक आहेत. पाण्याखालच्या कीलवर ती वरवरच्या पातळ थरावरच काम करतात, आणि उरलेलं आम्ल इपॉक्सीखाली राहिलं तर त्याचेच फोड येतात.

काम दोन तुकड्यांत करा

आमचा आग्रह एवढाच: खपल्या पावसाळ्याआधी काढा आणि रंग पावसाळ्यानंतर लावा. मधले महिने मीठ धुण्यासाठी वापरा. चार महिने उघडं ठेवल्यावर लोखंड गंजेल हे खरं, पण तेवढ्यात होणारी झीज मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंतही जेमतेम जाते. कील काही इंच जाड असते. मीठ रंगाखाली कोंडण्यापेक्षा ही झीज परवडते.

मे अखेरीस होडी वर येताच गोड्या पाण्याच्या प्रेशर वॉशरने धुवा. जुनं अँटिफाउलिंग ओलं ठेवून खरवडा, कोरडं घासू नका. त्याची धूळ विषारी असते, आणि जुन्या होड्यांवर खाली शेंदरी शिशाचा प्रायमर असू शकतो. खरवड गोळा करून यार्डाच्या नियमाप्रमाणे टाका, खाडीत सोडू नका. मग चिपिंग हातोडी आणि नीडल गनने (हवेच्या दाबाने सुया आपटून गंज उडवणारं हत्यार) सगळ्या खपल्या उडवा. या टप्प्यात सुबकपणाची गरज नाही. खळग्यांची तोंडं उघडली पाहिजेत, एवढंच.

आता धुणं. होडीच्या पोटाखाली पाऊस पोचत नाही, त्यामुळे कील पावसात आपोआप धुतली जाईल या भरवशावर राहू नका. कुलाबा किंवा अपोलो बंदराच्या बाजूला उघड्यावर होडी असेल तर जून-जुलैचा वारा उलट खारे तुषारच आणून टाकतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी नळीने दोन्ही बाजू दहा-दहा मिनिटं धुवा आणि नायलॉनच्या ब्रशने खळगे घासा. पाणी पालिकेच्या नळाचं वापरा. तलावांतून येणाऱ्या त्या पाण्यात क्षार फार कमी असतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आधी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं यंत्र) मोजा. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी बरेचदा मचूळ असतं, आणि त्याने धुणं म्हणजे मीठ पुन्हा लावणं.

हाच टीडीएस मीटर पुढेही कामी येतो. कीलवर मास्किंग टेपने 10 बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन आखा. नवे हातमोजे घाला, कारण घामातही मीठ असतं. स्वच्छ काचेच्या भांड्यात 50 मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात कापसाचा बोळा भिजवून पिळा आणि आकडा टिपा. मग त्याच बोळ्याने चौकोन पुसा, पाण्यात पिळा, पुन्हा पुसा. असं चार-पाच वेळा करून परत मोजा. घरगुती मीटरवर आकडा 10 ने वाढला तर चौरस मीटरला साधारण 50 मिलिग्रॅम क्षार आहेत असं समजा. बोळ्याने सगळं मीठ निघत नाही, म्हणून खरं प्रमाण याहून थोडं जास्तच असतं. वाढ 5 च्या आत येईपर्यंत धुणं चालू ठेवा. चाचणी सपाट जागी करू नका, सर्वांत खोल खळग्यांवर करा.

ब्लास्टिंग

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस माघारी फिरतो. त्यानंतर सलग कोरडे दिवस मिळाले की ब्लास्टिंग करा, म्हणजे दाबाच्या हवेने खरखरीत दाणे (ग्रिट) मारून गंज उडवा. नदीची किंवा समुद्राची वाळू अजिबात नको. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि समुद्राची वाळू स्वतःच खारी असते. गार्नेट या कठीण खनिजाचे दाणे मागवा. चौरस मीटरला सुमारे 40 किलो धरा. 26 फुटी होडीच्या कीलचं क्षेत्रफळ दोन्ही बाजू मिळून 4 चौरस मीटरच्या आसपास येतं, म्हणजे एका फेरीला 25 किलोच्या सात गोण्या. 6 मिमीच्या नोझलला 7 बार दाबाने 80 ते 100 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा देणारा) कंप्रेसर लागतो. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर इथे पुरत नाही. कंप्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी नको. पांढऱ्या कागदावर एक मिनिट हवा मारून बघा, डाग पडला तर आधी फिल्टर बदला.

फायबरग्लासचा भाग जोडापासून वर किमान अर्धा मीटर प्लायवूड आणि रबर शीटने झाका. ग्रिट लागलं तर जेलकोट (फायबरग्लासवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) उडायला वेळ लागत नाही.

ब्लास्टिंगच्या स्वच्छतेचा दर्जा एसए अडीच (Sa 2½) मागा: सगळीकडे एकसारखा राखाडी धातू, फार तर फिकट छटा. खरखरीतपणाची खोली 50 ते 75 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा हिस्सा म्हणजे एक मायक्रॉन). पहिल्या फेरीनंतर लगेच रंगवू नका. गोड्या पाण्याने धुवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. जिथे गंज इतर भागाच्या आधी आणि गडद उमटला, तिथे मीठ शिल्लक आहे. हा फुकटचा नकाशा आहे, खडूने खुणा करा. त्या जागा पुन्हा धुवा, दुसरी फेरी मारा आणि टीडीएस चाचणी परत करा. खडूच्या खुणा दुसऱ्या फेरीत निघून जातात.

ब्लास्टिंगला यार्ड परवानगी देत नसेल, आणि आसपास वस्ती असेल तर ते बरोबरच आहे, तर नीडल गननंतर 24 किंवा 36 नंबरची फायबर डिस्क वापरा. खळगे नीडल गननेच साफ करा आणि अशा पृष्ठभागासाठी बनवलेलं अ‍ॅल्युमिनियमयुक्त इपॉक्सी मास्टिक निवडा. हे काम ब्लास्टिंगच्या तोडीचं नाही. तीन-चार हंगाम टिकलं तर चांगलं झालं म्हणायचं.

हवा आणि लोखंडाचं तापमान

हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) 26 अंशांच्या थोडा वर असतो. लोखंड दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवं, म्हणजे 29 च्या वर. आता अडचण अशी की शेकडो किलोची कील रात्री थंड होते आणि सकाळी हवा तापली तरी ती तासन्‌तास थंडच राहते. सकाळी नऊला तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो. त्यावर इपॉक्सी लावलं तर पकडच बसत नाही. पावसाळ्यात 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेला तर दोन अंशांचंही अंतर उरत नाही. ताडपत्री लावून, आत बल्ब पेटवून केलेलं ऑगस्टमधलं काम म्हणूनच फसतं.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन ही वेळ धरा. 32 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेला दवबिंदू 23 च्या जवळ येतो, तेव्हा भरपूर वाव असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर उघड्या धातूवर चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. होडी दोन-तीन आठवडे उशिरा पाण्यात गेली तरी चालेल. या कामात घाई करून वाचवलेला ऑक्टोबर पुढच्या मेमध्ये दुपटीने भरावा लागतो.

थर

दुसऱ्या ब्लास्टिंगनंतर चार तासांच्या आत, त्याच दिवशी, पहिला थर. रंग पालटायला लागलेल्या लोखंडावर नाही. धूळ कोरड्या हवेने उडवा, चिंधीने पुसू नका. तंतू खरखरीत पृष्ठभागात अडकतात.

कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचं मरीन हाय-बिल्ड (एका थरात जाड बसणारं) इपॉक्सी चालेल, मात्र पहिल्या थरापासून शेवटच्यापर्यंत एकाच कंपनीचं आणि पाण्याखाली वापरायला मान्य असलेलं घ्या. कोरडा थर एकूण 400 मायक्रॉन हवा. 60 टक्के घन भाग असलेल्या इपॉक्सीला त्यासाठी चौरस मीटरमागे सुमारे 670 मिली लागतं. 4 चौरस मीटरला 2.7 लिटर, आणि खडबडीत पृष्ठभाग व रोलरमधली नासाडी धरून 4 लिटर घ्या. थर चार किंवा पाच. एक थर राखाडी, पुढचा पांढरा असे आलटूनपालटून लावा, म्हणजे सुटलेली जागा दिसते.

रोलरच्या आधी प्रत्येक वेळी ब्रशने धारा, कोपरे आणि खळगे भरून घ्या. तीक्ष्ण धारेवर रंग ओढला जाऊन पातळ होतो, म्हणून मागची धार आधीच 2 ते 3 मिमी गोलाईने घासून ठेवा. गंज बहुतेकदा तिथूनच सुरू होतो.

आपल्या उन्हात हार्डनर घातल्यावर मिश्रण डब्यावरच्या वेळेच्या निम्म्यात घट्ट होतं, कारण ती वेळ बहुधा 25 अंशांची छापलेली असते. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त एकदम कालवू नका. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात थिनर ओतणं तर नाहीच. दोन थरांमधल्या वेळेची कमाल मर्यादाही उष्णतेत आखडते. ती उलटली तर 80 नंबरच्या पेपरने खरवडून पुढचा थर द्या. थरावर मेणचट चिकटा आला असेल तर तो दमट हवेचा परिणाम आहे. आधी साध्या पाण्याने आणि स्कॉचब्राइटने धुवा, मग घासा. उलट केलंत तर चिकटा थरातच रुतेल.

खळग्यांत लांबी (पुट्टी) दोन थरांनंतर भरा, उघड्या लोखंडावर नाही. इपॉक्सीचीच लांबी वापरा. गाडीच्या डेंटिंगची पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते आणि वर्षभरात फुगून येते. लांबीवर पुन्हा किमान दोन थर हवेत.

अँटिफाउलिंगचा पहिला थर शेवटचं इपॉक्सी अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल पण बोटाला लागणार नाही अशा अवस्थेत असताना लावा. तांब्याचं अँटिफाउलिंग अखंड इपॉक्सीवर चालतं. उघड्या लोखंडाला लागलं तर तिथे लोखंडच झिजतं, म्हणून आधी मॅग्नेटिक जाडीमापकाने 20 जागा मोजून घ्या. एकही आकडा 300 मायक्रॉनच्या खाली नको.

तळ आणि ठोकळे

सगळं नीट होऊनही तळ तसाच राहतो, कारण होडी त्यावरच उभी असते. यार्डाला सुरुवातीलाच सांगून ठोकळे दोनदा सरकवून घ्या: एकदा खपल्या काढताना, एकदा ब्लास्टिंगच्या वेळी. ठोकळे आणि टेकू यार्डाच्या माणसांनीच हलवावेत. तळाला दोन जादा थर द्या. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि ज्या जागी ओहोटीला कील गाळात बसते तिथे प्रत्येक टेकण्याने रंग घासला जातो. शक्य असेल तर मुरिंगची म्हणजे होडी पाण्यात बांधून ठेवण्याची जागा बदला. शेवटच्या थरानंतर सात दिवस होडी पाण्यात सोडू नका.

अ‍ॅनोड

अ‍ॅनोड थेट कीलला बोल्टने जोडलेला हवा. दोघांमधला रोध मल्टिमीटरवर जवळपास शून्य यायला हवा. एक ओहम दाखवला तरी जोड उघडून साफ करा. अ‍ॅनोडवर रंग मारू नका, मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड खाऱ्या पाण्यात लावू नका. खाडीच्या तोंडाशी, जिथे पाणी कधी गोडसर होतं, तिथे जस्तापेक्षा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा अ‍ॅनोड बरा. निम्मा झिजला की बदला.

काम करतोय का ते पाण्यात असताना मोजता येतं. नवा जस्ताचा तुकडा तारेला बांधून कीलच्या जवळ पाण्यात सोडा. तार मल्टिमीटरच्या काळ्या टोकाला आणि कीलचा बोल्ट लाल टोकाला जोडा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. 250 किंवा त्याहून कमी आकडा म्हणजे लोखंड सुरक्षित आहे. 400 च्या आसपास म्हणजे अ‍ॅनोडचा संपर्क तुटलाय किंवा तो संपलाय. मग बॅटरीचा मेन स्विच बंद-चालू करून बघा. आकडा उडी मारत असेल तर बिल्ज पंपाची एखादी तार ओल्या बिल्जमध्ये गळते आहे. अशी गळती काही आठवड्यांत कीलचा बोल्ट खाऊ शकते, म्हणून अ‍ॅनोडच्या आधी ती तार बदला. हे मोजमाप होडी पाण्यात गेल्यावर आठवड्याने एकदा, मग दर दोन महिन्यांनी करा आणि आकडे एका वहीत तारखेसह लिहा.